रत्नागिरी केंद्र देवगडात स्वच्छ आणि साखरप्यात खरखरीत का?

प्रश्न : माझे माहेर साखरप्याचे आणि सासर देवगडचे. १९८० च्या सुमारास लग्न होऊन देवगडला आले तेव्हा सासरच्या ट्रान्झिस्टरवर आकाशवाणीचे रत्नागिरी केंद्र इतके स्वच्छ लागत असे की मला नवल वाटले. माहेर रत्नागिरीला जवळ, तरी तिथे हेच केंद्र कायम खरखरायचे आणि रात्री तर त्यात दुसऱ्याच कोणाचा तरी आवाज मिसळायचा. रेडिओच वाईट आहे असे म्हणून वडील त्याला थापट्या मारीत. दोष रेडिओचा होता की जागेचा? आणि रत्नागिरीसारख्या लहान शहरात हे केंद्र आले तरी कसे?
— एक निवृत्त शिक्षिका, देवगड

उत्तर : त्या रेडिओने आपल्या वडिलांच्या थापट्या विनाकारण खाल्ल्या. नकाशावर सरळ रेषेत मोजले तर रत्नागिरीपासून साखरपा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आहे आणि देवगड पासष्टच्या पुढे. परंतु मध्यम लहरींच्या (मीडियम वेव्हच्या) बाबतीत नुसत्या अंतराचा हिशेब पुरत नाही, लहर कशावरून चालत येते हेही पाहावे लागते. मध्यम लहरींवरचे दिवसाचे प्रक्षेपण मुख्यतः पृथ्वीच्या पृष्ठभागाला धरून पुढे सरकते, आणि तो पृष्ठभाग विजेचा जितका चांगला वाहक असेल तितकी ती लहर वाटेत कमी झिजते. समुद्राचे खारे पाणी या दृष्टीने उत्तम, तर कोकणातला जांभा आणि त्याखालचा काळा कातळ अगदीच कृपण. कोरड्या खडकाळ जमिनीच्या तुलनेत समुद्राच्या पाण्याची वाहकता कित्येक हजार पटींनी अधिक असते. रत्नागिरीहून देवगडकडे निघालेली लहर थोडी जमीन ओलांडली की किनारा धरून, बरीचशी पाण्यावरूनच आपल्या सासरी पोहोचत असे. साखरप्याकडे निघालेलीला मात्र सडे, दऱ्या आणि डोंगर तुडवीत सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत जावे लागत असे, आणि तोवर तिच्यात फारसा जीव उरत नसे.

रात्रीच्या परक्या आवाजाचे कारण वेगळे आहे. जमिनीपासून साधारण साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर सूर्यप्रकाशामुळे विद्युतभारित झालेला एक थर असतो, आणि आकाशाकडे गेलेल्या मध्यम लहरी तो दिवसा शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरतो. मग त्याच लहरी आणखी वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटरांवर उतरतात. आपल्याकडे मध्यम लहरींच्या कंप्रता (फ्रीक्वेन्सी) ५३१ पासून १६०२ किलोहर्ट्झपर्यंत नऊ-नऊच्या अंतराने आखलेल्या आहेत (रत्नागिरी केंद्राची कंप्रता ११४३, तिला नऊने भाग जातो, हे कोणीही ताडून पाहावे). जागा मोजक्या आणि केंद्रे पुष्कळ, तेव्हा दूरदूरच्या दोन केंद्रांना एकच कंप्रता देणे भाग पडते. ११४३ ही हरियाणातील रोहतक केंद्राचीही कंप्रता. दिवसा दोघांची गाठ पडण्याचे कारण नव्हते. रात्री मात्र जिथे रत्नागिरीचा आवाज आधीच क्षीण होता तिथे, म्हणजे आपल्या माहेरी, उत्तरेकडचा पाहुणा सहज आत येत असे. तो दुसरा आवाज बहुधा हरियाणवी असावा.

केंद्र रत्नागिरीतच का, याचे उत्तर थोडे मागे जाऊन द्यावे लागेल. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी एका खासगी कंपनीने सुरू केले. ती कंपनी १९३० मध्ये बुडाली, कारभार सरकारकडे गेला आणि १९३६ मध्ये त्याला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. स्वातंत्र्यानंतर नागपूर १९४८ मध्ये, पुणे १९५३ मध्ये आणि सांगली १९६३ मध्ये सुरू झाली. कोकणपट्टीला स्वतःचे केंद्र नव्हते, तरी कोकणी माणूस रेडिओवाचून राहिला नव्हता, कारण मुंबई त्याला समुद्रावरून ऐकू येत असे. सांगली अंतराने किती तरी जवळची असूनही मध्ये सह्याद्री आडवा, म्हणून किनाऱ्यावरच्या अनेक घरांतला काटा मुंबईवरच असायचा. दक्षिणेकडे वेंगुर्ला, सावंतवाडी भागात, १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यानंतर, आकाशवाणीचे पणजी केंद्रही लागू लागले आणि तिथल्या कोंकणी गाण्यांचा कान अनेकांना लागला. माझे असे मत आहे की चाकरमान्यांची बोट आणि मुंबईचा रेडिओ या दोघांनीही कोकणाला घाटमाथ्याऐवजी मुंबईशी बांधले, आणि दोघांचीही वाट समुद्रावरचीच होती.

रत्नागिरी केंद्र १९७७ मध्ये सुरू झाले. ११४३ किलोहर्ट्झ कंप्रता आणि वीस किलोवॉट शक्ती ही त्याची ओळख. ‘लहान शहर’ हा आपला शब्द बरोबर आहे, परंतु केंद्राची जागा ठरवताना शहरापेक्षा त्याच्या भोवतीचा प्रदेश पाहिला जातो. त्या वेळी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झालेला नव्हता. तो १ मे १९८१ रोजी झाला. म्हणजे केंद्र सुरू झाले तेव्हा मंडणगडपासून सावंतवाडीपर्यंत एकच जिल्हा होता, त्याचे मुख्य ठाणे रत्नागिरी होते, आणि आपले देवगड त्याच जिल्ह्यातला एक तालुका होते. इतक्या लांबट आणि चिंचोळ्या जिल्ह्याला किनाऱ्यावरच्या एका मनोऱ्यातून आवाज पुरवायचा, तर समुद्राची मदत घेण्यासारखी सोय दुसरी नव्हती.

मनोऱ्याविषयीही दोन शब्द लिहितो, कारण पुष्कळांची अशी समजूत असते की अँटेना मनोऱ्याच्या टोकावर बसवलेली असते. मध्यम लहरींच्या केंद्रात बहुधा अख्खा लोखंडी मनोराच अँटेना असतो. तो चिनीमातीच्या विद्युतरोधकावर उभा असतो आणि त्याची उंची लहरीच्या लांबीच्या साधारण चौथ्या हिश्शाइतकी ठेवतात. ११४३ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी २६२ मीटर, तेव्हा चौथा हिस्सा पासष्ट मीटरच्या आसपास येतो. मनोऱ्याभोवती तांब्याच्या तारा चाकाच्या आऱ्यांसारख्या जमिनीत पुरतात. जमीनच वाहक नसेल, तर निदान मनोऱ्याच्या पायथ्याशी तरी तिला वाहक करण्याची ही युक्ती आहे, आणि कातळाच्या मुलखात तिचे मोल अधिक.

आकाशवाणीच्या भाषेत दिवसाच्या प्रक्षेपणाचे भाग म्हणजे ‘सभा’. सकाळच्या सभेत सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याहून प्रादेशिक बातम्यांचे सहक्षेपण होई, म्हणजे पुण्याच्या बातम्या त्याच वेळी इथूनही ऐकू येत. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण धावू लागली. त्याआधी मुंबईचे वर्तमानपत्र गावात येईपर्यंत दिवस कलत असे, हे ज्यांना आठवते त्यांना या पाच-दहा मिनिटांसाठी ओटीवर शेजारी का जमत ते निराळे सांगायला नको. पण माझ्या दृष्टीने या केंद्राचा सर्वांत मोठा उपयोग समुद्रावर होता. खोल पाण्यात गेलेल्या होडीवरचा साधा ट्रान्झिस्टर किनाऱ्यावरच्या मनोऱ्याचे बोलणे पकडत असे, कारण मधला सगळा रस्ता खाऱ्या पाण्याचा. आणि वाऱ्याचा वेग वाढणार आहे, समुद्र खवळलेला राहील, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, ही सूचना तांडेलाच्या (होडीच्या प्रमुखाच्या) कानावर दुसऱ्या कोणत्या मार्गाने पडणार होती? एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, क्षितिजाखाली फारशा वाकत नाहीत, आणि मोबाइलची रेंजही किनाऱ्यापासून काही अंतरावर संपते.

होडीवरचा हा रेडिओ बोलत नसतानाही काही सांगत असे. मध्यम लहरींवर आवाज लहरीच्या उंचीच्या चढउतारात साठवलेला असतो, आणि विजेची प्रत्येक लकेर त्या उंचीतच ढवळाढवळ करते. मे महिन्याच्या अखेरीस ढग दिसण्याआधीच सेटमध्ये कडकड सुरू झाली, तर दूरवर कुठे तरी विजा चमकत आहेत एवढे नक्की समजावे.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत टपाल खात्याचे एक पुस्तक सापडले. त्यात रेडिओचे वर्णन आहे, आणि आत तिकिटे चिकटवून त्यांवर शिक्के मारले आहेत. हे काय असावे?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : तो रेडिओचा परवाना आहे. घरात रेडिओ ठेवायचा तर टपाल कार्यालयातून परवाना काढून दरवर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागे; शुल्क भरल्याची खूण म्हणून तिकिटे चिकटवून त्यांवर तारखेचा शिक्का मारीत. वर्षाचे पंधरा रुपये हा दर अनेकांना आठवत असेल. ही पद्धत १९८० नंतरच्या दशकात बंद झाली. पुस्तक जपून ठेवावे. शिक्क्यांच्या तारखांवरून आपल्या घरी रेडिओ कधी आला आणि कोणत्या वर्षी शुल्क थकले, दोन्ही कळेल.

प्रश्न : जुना ट्रान्झिस्टर दुरुस्त करून घेतला, पण घरात मध्यम लहरींवर नुसता गुणगुणाट ऐकू येतो. अंगणात नेला की कमी होतो. दुरुस्ती फसली काय?
— एक वाचक, मालवण

उत्तर : दुरुस्ती बहुधा ठीक आहे, घर बिघडले आहे. मोबाइलचे चार्जर, एलईडी दिवे, इन्व्हर्टर ही सगळी साधने मध्यम लहरींच्या पट्ट्यात गोंगाट ओततात. आजोबांच्या काळी घरात एक पिवळा दिवा असे, म्हणून त्यांना हा त्रास नव्हता. एकदा मेन स्विच बंद करून सेट बॅटरीवर लावून पाहा, म्हणजे गोंगाट आपल्याच घरातला की शेजारचा ते कळेल. दुसरे असे की सेटच्या आत फेराइटची आडवी कांडी असते आणि तीच मध्यम लहरींची अँटेना. केंद्र जिकडे असेल तिकडे कांडीचे टोक आले तर आवाज अगदी मंदावतो, आणि तिची लांब बाजू तिकडे केली की तो भरतो. मालवणहून रत्नागिरी उत्तरेला आहे, तेव्हा सेटची लांबी पूर्व-पश्चिम येईल असा तो ठेवावा, आणि कपाटावर न ठेवता खिडकीत ठेवावा. खिडकीचे गज लोखंडी असतील, तर मात्र अंगणच बरे.