भंगारातली पिकअप आणि पाच लाखांची एफडी

नमस्कार,

तुमच्या पत्रातला तपशील आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. वय ४४, कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या कारखान्यात मेंटेनन्सला नोकरी. हातात पगार ५८ हजार, वहिनींच्या शिवणकामाचे साधारण १२ हजार. घराचा हप्ता साडेचौदा हजार, मुलगी यंदा अकरावी सायन्सला, बँकेत ५ लाखांची एफडी, महिना ५ हजारांची एसआयपी. मेहुण्यांच्या शिरोलीच्या शेडमध्ये जुन्या विलीज जीपच्या धर्तीची पिकअप स्वतःच्या हाताने उभी करायची हे तुमचं कितीतरी वर्षांचं स्वप्न. भंगारातली चेसिस आणि केबिन ७० हजार, प्यूजो डिझेल इंजिन आणि गिअरबॉक्स ६० हजार, टायर, सीट, डेंटिंग-पेंटिंग ८० हजार, किरकोळ ४० हजार, असा अडीच लाखांचा अंदाज. चेसिससाठी ५ हजार इसारही दिलाय. एफडी मोडू की पर्सनल लोन घेऊ, असं विचारता. गाडी तयार झाली की लग्नांना आणि शूटिंगला भाड्याने देऊन, नाहीतर सात-आठ लाखांना विकून पैसे वसूल होतील असं तुम्हाला वाटतं. वहिनींना हे पटत नाही, हेही मोकळेपणाने लिहिलंत.

माझं मत: एफडी मोडू नका, कर्जही काढू नका, आणि ज्या चेसिसला इसार दिलाय ती घेऊ नका. पिकअप मात्र जरूर करा. तिचा रस्ता वेगळा आहे.

सगळ्यात आधी कागदांबद्दल, कारण तुमच्या पत्रात त्यांच्यावर एकच ओळ आहे, "पासिंगचं नंतर बघू". माझ्या दृष्टीने पैशाचा सगळा प्रश्न त्या एका ओळीत आहे. भंगारात निघालेल्या चेसिसची नोंदणी रद्द झालेली असेल तर ती पुन्हा जिवंत होत नाही. नोंदणीच नसेल किंवा नंबर घासलेला असेल तर ती चेसिस कुठून आली, हा प्रश्न उद्या पोलीस तुम्हाला विचारतील, भंगारवाल्याला नंतर. घरी बनवलेली गाडी नवी म्हणून नोंदवायची तर पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन तपासणी संस्थेकडून नमुन्याला मान्यता लागते, आणि धुराचे आजचे बीएस-६चे निकष जुन्या प्यूजो डिझेलला झेपणारे नाहीत. मग उरतो दुसऱ्या एखाद्या गाडीचा कागद या सांगाड्याला लावण्याचा मार्ग. शेडमध्ये कोणीतरी तो सुचवेलच. तो सरळ गुन्हा आहे. त्या वाटेला जाऊ नका.

विंटेजच्या नोंदणीत बसेल का, असंही तुम्ही विचारलंय. २०२१च्या नियमांनुसार गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, मूळ स्वरूपात हवी, आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला नको. पहिल्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क, ती १० वर्षांसाठी, नूतनीकरणाला ५ हजार. पाच गाड्यांचे भाग जोडून केलेली पिकअप यात बसत नाही. बसली असती तरी विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही, म्हणजे लग्नाच्या भाड्याचा विषय तिथेच संपतो. दसऱ्याला आपल्याकडे छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार बाहेर पडते तेव्हा लोक तासभर आधी येऊन थांबतात. त्या गाडीचं मोल ती अख्खी आहे आणि कुणाची आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे यात आहे. जोडलेल्या गाडीला ते मोल मिळत नाही, काम कितीही सुबक असलं तरी. कागद नसलेली गाडी घेणारा फार तर तिच्या भागांचे पैसे देतो. त्यामुळे सात-आठ लाखांची विक्री तुमच्या हिशेबातून मी पूर्ण काढून टाकली आहे.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते. समजा गाडी झाली आणि एका रविवारी तुम्ही ती जोतिबाच्या घाटात नेली. नोंदणी नाही म्हणून विमा नाही. ब्रेक तुम्ही स्वतः बसवलेले, लाइन नवी, मास्टर सिलिंडर जुना. उतारावर एखाद्या दुचाकीस्वाराला धक्का लागून तो दगावला तर भरपाई कशी ठरते ते पाहा. मयताचं वय ३२, स्वतःचा धंदा, कमाई महिना २५ हजार, मागे बायको आणि दोन मुलं. वर्षाचे ३ लाख. पुढच्या वाढीसाठी ४० टक्के धरले की ४ लाख २० हजार. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक तृतीयांश वजा, उरले २ लाख ८० हजार. या वयाला ठरलेला गुणक १६. झाले ४४ लाख ८० हजार, शिवाय अंत्यविधी वगैरेंची रक्कम आणि व्याज वेगळं. हीच पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७च्या निकालांत घालून दिली आहे. विमा असेल तर ही रक्कम कंपनी भरते. नसेल तर गाडीच्या मालकाला भरावी लागते, म्हणजे तुमची एफडी, पगार आणि हप्ता चालू असलेलं घर, तिन्ही पणाला. दंड त्यापुढे किरकोळ आहेत, पण तेही सांगतो: मान्यता नसलेल्या प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

म्हणून चेसिस घ्यायच्या आधी आरसी, म्हणजे नोंदणीचं प्रमाणपत्र, बघायची, हा या सगळ्या बेताचा पहिला नियम ठेवा. पडून असलेली, गंजलेली, इंजिन जाम झालेली चालेल, पण जिवंत आरसी असलेली जुनी पिकअप शोधा. आरसीवर बॉडीचा प्रकार पिकअप असाच हवा. जीपची आरसी घेऊन मागचा भाग कापून हौदा बसवला तर तो मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खालचा बदल झाला, आणि कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपासून फारकत चालणार नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच स्पष्ट केलंय. एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून कर, कर्जाचा बोजा आणि काळी यादी तपासा. चेसिसवर ठोकलेला नंबर स्वतः गंज-मळ पुसून, टॉर्च मारून वाचा. मूळ मालक हयात आहे का, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करायला तो किंवा वारस येतील का, हे पैसे देण्याआधी ठरवा. बाहेरच्या आरटीओची गाडी असेल तर तिथली एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला. मालवाहू म्हणून नोंद असेल तर इतक्या जुन्या गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं, खासगी असेल तर नूतनीकरण पाच वर्षांनी, आणि २० वर्षांवरच्या चारचाकीला ते शुल्क २०२५ पासून १० हजार झालंय. पर्यावरण कर आणि नवी एचएसआरपी नंबरपाटी वेगळी. अशी गाडी तुमच्या ७० हजारांत मिळणार नाही, जास्तच द्यावे लागतील. ते जास्तीचे पैसे कागदाचे आहेत आणि या व्यवहारात तेवढेच परत मिळण्याची शक्यता आहे.

बाकी हिशेबाला वेळ लागणार नाही. घरखर्च, हप्ता, शाळा-क्लास, विमा, एसआयपी मिळून तुमचे महिन्याला साधारण ६० हजार जातात, १० हजार उरतात. सहा महिन्यांचा खर्च हाताशी हवा, म्हणजे साडेतीन लाखांच्या आसपास. एफडीतले तेवढे हलवायचेच नाहीत. राहिलेले दीड लाख मुलीच्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे. ठरावीक प्रवर्गांतल्या आणि ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना केंद्रीय प्रवेशाच्या (कॅप) फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर राज्य सरकार शिक्षण शुल्क माफ करतं, पण तुमच्या दोघांचं मिळून उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या पुढे जातं. तेव्हा फी आणि वसतिगृह खिशातूनच, असंच धरून चाला. अडीच लाख चार वर्षांसाठी १३ टक्क्यांनी काढले तर हप्ता ६,७०० रुपये आणि व्याजच ७२ हजारांच्या घरात. जी वस्तू एक रुपया मिळवून देणार नाही तिच्यासाठी हे ओझं मुलीच्या कॉलेजच्या वर्षांत नको.

आणि अडीच लाखांत ती होणारही नाही. बोअर-स्लीव्ह, क्रँक ग्राइंडिंग, डिझेल पंपाचं कॅलिब्रेशन, पूर्ण वायरिंग, काचा, पाटे, रेडिएटर, हौद्याची फळी यांतलं निम्मं तुमच्या यादीत दिसत नाही. मी चार लाख धरतो. तुमची स्वतःची मजुरी त्यात धरलेली नाही, आणि खरी बचत तिथेच आहे. उद्यमनगरात लेथ, पॅटर्न आणि कास्टिंग हाकेच्या अंतरावर आहेत. जो ब्रॅकेट पुण्या-मुंबईत शोधून मिळत नाही तो इथे ओतून मिळतो. हे काम करायला कोल्हापूरसारखं गाव नाही, असं मी मनापासून म्हणतो.

मग पैसे कुठून? उरणाऱ्या दहातले सहा हजार मुलीच्या आवर्ती ठेवीत, चार हजार गाडीच्या वेगळ्या खात्यात. दिवाळी बोनसमधले २० हजार त्यात घाला. वर्षाला ६८ हजार होतात. दीड-दोन वर्षांत कागदासकट गाडी घेता येईल, मग वर्षाला एक टप्पा: आधी ब्रेक आणि स्टिअरिंग, मग इंजिन, रंग सगळ्यात शेवटी. इंजिन बदलायचं ठरलं तर आधी आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद, मगच बोल्ट खोला. पाच-सहा वर्षं लागतील. मुलगी तोवर पदवीधर होईल. खात्यात पैसे नसतील त्या महिन्यात काम थांबेल, हा नियम वहिनींसमोर बोलून ठरवा आणि पासबुक त्यांच्याकडे द्या. त्यांचा विरोध नादाला असेल असं मला वाटत नाही, एफडीला हात लागतोय याला असावा. एकदा विचारून बघा.

या नादातून कमाई हवीच असेल तर एक वाट आहे. जुन्या जीप आणि पिकअप बाळगणारे आपल्या जिल्ह्यात बरेच आहेत आणि हाताला कसब असलेला फिटर त्यांना सापडत नाही. रविवारी त्यांच्या, कागद असलेल्या गाड्यांचं काम घ्या. मजुरीचं बिल करा, ती कमाई रिटर्नमध्ये दाखवा. गाडीच्या भाड्याच्या कल्पनेपेक्षा हे उत्पन्न जास्त भरवशाचं आहे, आणि त्यातून तुमचं गाडीचं खातंही लवकर भरेल.

एक गोष्ट या सगळ्याच्या आधीची. कंपनीच्या गटविम्याशिवाय तुमचा आयुर्विमा नाही. घराचं कर्ज आणि मुलीचं शिक्षण बघता निदान १ कोटीचा टर्म प्लॅन याच महिन्यात घ्या. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्यावर जीएसटीही लागत नाही.

इसाराबद्दल: उद्या भंगारवाल्याकडे जाऊन चेसिसचा मूळ कागद किंवा ती रीतसर भंगारात निघाल्याचा दाखला मागा. दाखला असेल तर ती गाडी कायमची संपली आहे, सुटे भाग हवेत तेवढेच घ्या आणि त्याचं बिल घ्या. दाखला नसेल तर इसार परत मागा. परत मिळाला नाही तर ५ हजार सोडून द्या आणि बाकीचे ६५ हजार देऊ नका.