गाडी नसताना खाडीकाठच्या अभयारण्यात जायचं तर लोकलच्या आधी तिथी बघा

तुमचा प्रश्न असा की डोंबिवलीत राहता, गाडी नाही, सोबत गुडघे कुरकुरणारी आई आणि नऊ वर्षांची मुलगी. लोकल, बस, रिक्षा एवढ्या भांडवलावर समुद्राकाठच्या किंवा खाडीकाठच्या कुठल्या अभयारण्यात दोन-तीन तास चालता येईल? चौपाटी नको, हे स्पष्ट लिहिलंत ते बरं केलंत.

मी अशा जागी कायम लोकलनेच जातो. पण जागा सांगण्याआधी माझी फजिती ऐका. पहिल्यांदा मुंबईतल्या शिवडीला खाडीवरचे पक्षी बघायला गेलो तो भाच्याला घेऊन. रविवार, हार्बरची गाडी रिकामी, दुर्बीण उसनी आणलेली. जेटीवर पोहोचलो तर समोर दूरवर नुसता काळा चिखल आणि त्याच्या पार टोकाला एक गुलाबी रेघ. भाचा म्हणाला, "मामा, ते पक्षी आहेत की प्लॅस्टिक?" जाळं विणत बसलेले एक आजोबा हसले आणि मला विचारलं, "आज तिथ कुठली?" मला तिथी कशी माहीत असणार? मी मोबाइलवर लोकलचं वेळापत्रक बघून निघालो होतो.

त्यांनी सांगितलेला हिशेब कोकणात घरोघरी ठाऊक असतो, आपण शहरात येऊन विसरलो. तिथीची पाऊणपट करायची, जेवढे येतील तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीन. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा झाली की पुन्हा प्रतिपदेपासून तेच. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण घरातून निघायची वेळ ठरवायला एवढं पुरतं. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी.

याचा पक्ष्यांशी संबंध असा. रोहित पक्षी (पेपरात फ्लेमिंगो म्हणतात तेच) चिखलावरच्या उथळ पाण्यात चोच उलटी बुडवून शेवाळ गाळून खातात. पूर्ण ओहोटीला ते पाण्याची कड धरून दूर खाडीत सरकतात. पूर्ण भरतीला चिखलच बुडतो, मग थवेच्या थवे उडून नेरूळ-सीवूड्सकडच्या तळ्यांवर विसावा घ्यायला जातात. मधल्या वेळी, म्हणजे भरतीच्या आधीचे दोन-तीन तास, वाढतं पाणी त्यांना ढकलत ढकलत तुमच्यासमोर आणून उभं करतं. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे.

आता जागा. तुमच्यासाठी पहिला नंबर ऐरोलीचा, विचारच करू नका. डोंबिवलीहून ठाणे, तिथून ट्रान्स हार्बरची वाशी किंवा पनवेल गाडी, दिघा गावानंतर ऐरोली. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला "फ्लेमिंगो सेंटर" म्हटलं की पुरे. हे वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, क्षेत्र साधारण १,६९० हेक्टर, त्यातला निम्म्याहून जास्त भाग तिवरांचा, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या कांदळवनाचा. २०२२ मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातलं तिसरं.

तिथे लोक येतात ते होडीच्या फेरीसाठी. फेऱ्यांच्या वेळा भरतीवर ठरतात, हंगामात शनिवार-रविवारी जागा आधीच भरतात, त्यामुळे आरक्षण करूनच निघा. पण मला विचाराल तर खरी गंमत फळ्यांच्या वाटेवर आहे, आणि तीही पाणी उतरलेलं असताना. आईंना सपाट चालणं, मधेमधे टेकायला कठडा. मुलीला सांगा, एका जागी दोन मिनिटं गप्प उभी राहा. आधी चिखलात पेन्सिली रोवल्यासारखी तिवराची श्वासमुळं दिसतात. मग चिखल हलायला लागतो. बोटाएवढी निवटी परांवर रेटत पुढे सरकते, डोळे डोक्यावर उकडलेल्या साबुदाण्यासारखे, आणि मधेच टुणकन उडी मारते. मासा असून पाण्याबाहेर फिरते, कारण ओल्या कातडीतून आणि गालात साठवलेल्या पाण्यावर ती श्वास घेऊ शकते. शेजारी इवले खेकडे, त्यातल्या नराची एक नांगी अंगापेक्षा मोठी, ती वरखाली करून तो सारखा कोणाला तरी बोलावत असतो. तिवराच्या पानाच्या पाठीवरून बोट फिरवा, मिठाचे कण लागतात, झाड खारं पाणी पिऊन मीठ असं बाहेर टाकतं. बोट चाटून बघायचं का, हे खाडीच्या पाण्याची अवस्था बघून तुमचं तुम्ही ठरवा. (गंमत म्हणजे शहराच्या सांडपाण्यावर शेवाळ फोफावतं, हेही रोहित इथे जमण्याचं एक कारण मानलं जातं.)

म्हणजे चतुर्थीच्या आसपासचा दिवस गाठलात तर दहा वाजता पाणी उतरलेलं असताना फळीवाट आणि दुपारी चढत्या पाण्यावर होडी, दोन्ही साधतं. मी तरी संकष्टी बघूनच जातो. घरचे समजतात भक्ती वाढली.

शिवडीला जायचं झालं तर आईंना नेऊ नका. ती जागा अभयारण्याच्या हद्दीत नाही, पण पक्षीप्रेमींची जुनी पंढरी. हार्बरवर शिवडीला उतरून पूर्वेला बाहेर पडायचं आणि बंदराच्या रस्त्याने वीसेक मिनिटं चालायचं. सावली नाही, ट्रकांची धूळ, फुटपाथ नावापुरता. वाटेत शिवडीचा किल्ला आहे. अटल सेतूचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ ला झालं, त्याचं मुंबईकडचं टोक इथेच. पुलाचं काम सुरू झाल्यापासून पूर्वीसारखी गर्दी मला तरी इथे दिसलेली नाही. पण भरती जमली तर दुर्बीण न लावता चोचीचा रंग ओळखता येतो. गडद लालसर चोच तो छोटा रोहित, फिकट गुलाबी चोच आणि टोक तेवढं काळं तो मोठा. राखाडी दिसतात ती पिल्लं, गुलाबीपणा अंगावर चढायला त्यांना काही वर्षं लागतात.

शनिवारी अर्धाच दिवस हाताशी असेल तर शीव स्टेशनवरून धारावीचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. मिठी नदीकाठी ३७ एकर, एके काळी कचऱ्याचं डम्पिंग ग्राउंड होतं. फुलपाखरं बघायला छान, खाडी मात्र नावालाच.

फणसाडबद्दल तुम्ही वेगळं विचारलंत. अभयारण्य सुंदर, १९८६ चं, त्याआधी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान, शेकरू तिथे हमखास. पण अलिबाग-मुरूड एसटी जाते किनाऱ्याने आणि सुपेगावचं प्रवेशद्वार आहे आतल्या बाजूला. गाडीशिवाय एका दिवसात जाऊन यायचा हट्ट धरू नका. मुक्काम करायचा असेल तरच.

आणि एक मुंबईबाहेरचं, कारण माझ्या लेखी गाडीविना गाठण्यासारखं याहून सोपं अभयारण्य नाही. गोव्यातलं चोडण बेट. ठाण्याहून रात्रीची कोकणकन्या, सकाळी करमळीला उतरायचं. तिथून जुनं गोवं आणि पणजीच्या रस्त्यावरची कुठलीही बस रायबंदरच्या फेरी धक्क्यावर सोडते. मी गेलो तेव्हा फेरीत पायी माणसाला तिकीट नव्हतं. मांडवी ओलांडायला काही मिनिटं, आणि पलीकडे उतरलात की जवळच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्याचं फाटक. १९८८ साली जाहीर झालेलं, जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं. कांदळांमधून बांधीव पायवाट, दोन्ही बाजूंनी मुळांच्या कमानी, शेवटी एक मनोरा. सकाळी लवकर गेलो तर वाटेवर आमच्याशिवाय एक खंड्या होता फक्त, तोही दर वीस पावलांवर पुढच्या फांदीवर जाऊन बसायचा, वाट दाखवल्यासारखा. परतताना फेरी समोर दिसत असते, चुकली तरी थोड्या वेळाने दुसरी. इथे पाऊणपटीचा हिशेब जरा सुधारून घ्या, गोव्यात भरती मुंबईच्या साधारण तासभर आधी येते आणि पाणीही बरंच कमी चढतं.

सामानाचं विचारलंत म्हणून. टोपी, प्रत्येकी एक लिटर पाणी, जुने बूट (सँडल चिखलात राहते आणि पाय वर येतो), आणि डास. ओडोमॉस घरूनच लावून निघा, तिवरांत शिरल्यावर लावायला सवड मिळत नाही. मुलीच्या हातात दुर्बीण द्या, पण पट्टा गळ्यात अडकवूनच. माझ्या भाच्याने उसनी आणलेली ती शिवडीच्या जेटीवरून खाली सोडली होती, तीही नेमकी ओहोटीत. चिखलात समोर दिसत होती, हात काही पोचला नाही. भरपाई तीन हप्त्यांत केली.