विश्वकिरण: किरण की कण, आणि कृष्णद्रव्य ‘टिपले’ म्हणावे का?

‘अल्फा मॅग्नेटिक स्पेक्ट्रोमीटरने कृष्णद्रव्याचे विश्वकिरण टिपले’ हे वाक्य बरोबर आहे का, आणि विश्वकिरण हे कण असतील तर त्यांना ‘किरण’ का म्हणायचे, असे विचारले आहे. विश्वकिरण म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण; कृष्णद्रव्य म्हणजे प्रकाश न देणारे, केवळ गुरुत्वाकर्षणाच्या परिणामावरून कळलेले द्रव्य.

किरण हा शब्द जुन्या समजुतीतून आला. १९१२ साली भौतिकशास्त्रज्ञ व्हिक्टर हेस फुग्यातून पाच किलोमीटरच्या वर गेले, तेव्हा उंचीबरोबर प्रारण वाढत असल्याचे दिसले. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट मिलिकन यांनी १९२५ मध्ये त्याला नाव दिले, तेव्हा ते गॅमा किरणांसारखे असावे असा त्यांचा कयास होता. पुढे अक्षांशानुसार तीव्रता बदलते हे आढळले. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राने वळतात, अर्थात विद्युतभारित कण! सुमारे ९० टक्के प्रोटॉन, उरलेल्यांत बहुतेक हेलियमची अणुकेंद्रे. नाव मात्र रुळले होते. म्हणून समूहाला ‘विश्वकिरण’ खुशाल म्हणावे. एकट्यादुकट्याविषयी लिहिताना ‘विश्वकिरणांतील कण’ म्हणावे.

वाक्यातली खरी चूक ‘कृष्णद्रव्याचे’ आणि ‘टिपले’ या दोन शब्दांत आहे. १९ मे २०११ रोजी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर बसवलेले हे सुमारे साडेसात टनांचे उपकरण विद्युतभारित कण मोजते. कायम चुंबक कणाचा मार्ग वाकवतो आणि सिलिकॉनचे नऊ थर तो मार्ग नोंदवतात. वाक कोणत्या बाजूला, यावरून भार धन की ऋण ते कळते; किती, यावरून संवेग (कणाच्या गतीचा जोर). संवेग फार मोठा असला की मार्ग जवळजवळ सरळ दिसतो आणि चिन्ह चुकण्याची शक्यता वाढते. शोध असतो तो पॉझिट्रॉनचा, म्हणजे इलेक्ट्रॉनसारख्याच पण धनभारित कणाचा; त्यात याहून मोठी अडचण प्रोटॉनची. प्रोटॉनचा भारही धन, आणि पॉझिट्रॉनच्या तुलनेत प्रोटॉन हजारो पटींनी जास्त. म्हणून वर संक्रमण प्रारणाचा शोधक असतो: हलका पॉझिट्रॉन त्यात क्ष-किरण सोडतो, त्याच संवेगाचा जड प्रोटॉन सहसा सोडत नाही. तळाशी शिसे आणि प्रकाशतंतूंचा ऊर्जामापक आहे. तिथे पॉझिट्रॉनमुळे कणांची सर उसळते (या सरींचा सिद्धांत होमी भाभा आणि हाइटलर यांनी १९३७ मध्ये मांडला) आणि जवळपास सगळी ऊर्जा तिथेच जिरते. प्रोटॉन बहुधा थोडीच देतो. ऊर्जा आणि संवेग यांचा मेळ बसला तरच तो पॉझिट्रॉन धरायचा.

पॉझिट्रॉन हे *प्रतिद्रव्य* (नेहमीच्या कणाचे विरुद्ध भाराचे जुळे), कृष्णद्रव्य नव्हे. ही गल्लत मराठी बातम्यांत फार होते आणि ती अर्थाचा पार विचका करते. कृष्णद्रव्याला विद्युतभार नाही असेच मानले जाते, त्यामुळे चुंबक त्याला वळवूच शकत नाही. अपेक्षा इतकीच की कृष्णद्रव्याचे कण एकमेकांना नष्ट करताना पॉझिट्रॉन निर्माण होत असतील, तर त्यांची संख्या नेहमीच्या हिशेबापेक्षा जास्त भरेल. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत सुमारे १० गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या (कणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) पुढे पॉझिट्रॉनचे प्रमाण वाढत गेलेले दिसले. नंतरच्या मोजणीत सुमारे २८४ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पुढे त्यांचा ओघ झपाट्याने घटतो असे आढळले. कृष्णद्रव्याने असे घडू शकते. पण जवळच्या पल्सारनेही (वेगाने फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यानेही) घडू शकते.

तेव्हा ‘टिपणे’ हे क्रियापद पॉझिट्रॉनसाठी राखावे आणि कृष्णद्रव्याचा ‘माग काढणे’ म्हणावे. दुरुस्त वाक्य असे: ‘अल्फा मॅग्नेटिक स्पेक्ट्रोमीटरने विश्वकिरणांतील जादा पॉझिट्रॉन मोजले, त्यांचा उगम कृष्णद्रव्यात आहे की पल्सारमध्ये, हे ठरलेले नाही.’