ठाण्यात एम.कॉम. करताना, कोणत्याही कंपनीत ओळख नसेल तर ऑडिटिंगवर संशोधन-प्रकल्प करता येईल का?

होय, करता येईल. त्यासाठी ‘की ऑडिट मॅटर्स’ हा विषय घ्यावा, कारण त्याची सारी सामग्री प्रसिद्ध वार्षिक अहवालांतच मिळते. एसए ७०१ या लेखापरीक्षण मानकानुसार १ एप्रिल २०१८ पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षांसाठी, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या लेखापरीक्षकाला आपल्या दृष्टीने सर्वाधिक महत्त्वाच्या ठरलेल्या बाबी, म्हणजेच ‘की ऑडिट मॅटर्स’, अहवालात सांगाव्या लागतात. मी बेलापूरला लेखापरीक्षणाचेच काम करतो आणि माझ्या मते या बाबींची नुसती संख्या मोजण्यात फारसा अर्थ नाही. महसुलाची नोंद, वादग्रस्त कर किंवा येणी यांपैकी काय दरवर्षी त्याच शब्दांत उतरवले जाते आणि काय बदलते, हे पाहणे अधिक फलदायी आहे. (उतरवलेला मजकूर पुष्कळ सापडेल.) ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाना किंवा कार्यालय असलेल्या आठ-दहा नोंदणीकृत कंपन्यांचे पाच वर्षांचे अहवाल एका विद्यार्थ्याला पुरेसे होतात. मात्र कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३९ नुसार अशा कंपन्यांत लेखापरीक्षण फर्म जास्तीत जास्त दहा सलग वर्षांनी बदलावी लागते. त्यामुळे शब्दांतला बदल धंद्यामुळे आहे की नव्या फर्ममुळे, हे वेगळे काढल्याशिवाय निष्कर्ष मांडू नये.