दारातला पसारा

प्रश्न : नागपुरातील मनीषनगर भागात आमचा फ्लॅट असून दारातून थेट बैठकीत प्रवेश होतो. पाच जणांच्या चपला-बूट, दोन हेल्मेट, दप्तरे आणि ओले रेनकोट यांचा ढीग तेथेच पडतो. दाराशेजारी जेमतेम चार फूट भिंत मोकळी आहे. काय करावे?

उत्तर : चार फूट भिंत पुरेशी आहे, अडचण होते ती कपाटाच्या खोलीची. मोठ्या माणसाचा बूट साधारण ३० सेंटिमीटर लांब असल्याने आडव्या फळ्यांचे कपाट वाट अडवते, म्हणून बूट तिरके उभे राहतील असे, पुढे कलून उघडणारे, सुमारे २० सेंटिमीटर खोलीचे कपाट घ्यावे आणि त्यात प्रत्येकाची केवळ रोजची जोडी ठेवावी. ओले बूट मात्र बंद कपाटात ठेवू नयेत, कारण त्यांना बुरशी लागते. त्यांच्यासाठी खाली जाळीची एक फळी असावी. रेनकोट गॅलरीतच वाळवावेत.

आपल्याकडची काळी माती ओली असताना पुसली की पसरते, हा अनुभव आपणास असेलच. दाराबाहेर काथ्याचे खरखरीत पायपुसणे व आत सुती, अशी जोडी ठेवल्यास बराचसा चिखल बाहेरच राहतो.

दप्तरांच्या खुंट्या मुलांच्या हाताला येतील अशा, जमिनीपासून सुमारे एक मीटरवर ठोकाव्यात; उंच खुंटीवर मुले दप्तर अडकवत नाहीत. हेल्मेट कपाटाच्या माथ्यावर राहतील. शेजारच्या टोपलीत उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांकडे जाताना, दुपट्टे आणि टोप्या, तर जूनपासून छत्र्या ठेवाव्यात. सामाईक जिन्यात मात्र काहीही ठेवू नये, कारण आग लागल्यास सुटकेची वाट तीच असते.