दगडभराव कुठं बसतो ते आधी बघ
भावा, धरणाच्या साईटवर नवीन लागलायस म्हणून सांगतो, दगडभराव, म्हणजे धरणात थराथरानं भरलेला दगड, बसतो म्हणजे दबून खाली जातो तो बराचसा बांधतानाच, वर थर चढत गेले की खालच्या दगडांची टोकं पिचतात आन दगड सरकून घट्ट होतात. काम संपेपर्यंत सगळ्यात जास्त बसलेलं मधल्या उंचीवर सापडतं, कारण तळाच्या थराखाली खडक असतो आणि माथ्यावर वजनच नसतं. म्हणून नुसती माथ्याची लेव्हल घेऊन भागत नाही, आत पुरलेल्या सेटलमेंट प्लेटची (भराव किती बसला ते दाखवणारी प्लेट) रीडिंग घे आणि शेजारी त्या दिवशीची भरावाची उंची लिहीच, नाहीतर तो आकडा कशाशी ताडणार? रोलर फिरवताना पाणी भरपूर मारायला लाव, कोरडा भरलेला दगड पहिल्यांदा भिजला की एकदम खचतो, आणि आपल्या राधानगरीकडचा पाऊस तुला माहितीय. धरणाच्या मधल्या, पाणी अडवणाऱ्या गाभ्याची माती वेगळी बसते, दगड वेगळा, दोन्ही जुळतात तिथल्या भेगांवर नजर ठेव.