अँजिओटेन्सिन घ्या की इलॅस्टेज, मेलेले उंदीर मोजा

तुम्ही विचारलंय, पोटातल्या महाधमनीच्या अॅन्युरिझमवर (म्हणजे धमनीच्या भिंतीला येणाऱ्या फुगवट्यावर) औषध तपासायचं तर उंदरांत हा आजार घडवायला अँजिओटेन्सिन टूचं (रक्तदाब वाढवणारं संप्रेरक) मॉडेल घ्यावं की इलॅस्टेजचं (धमनीच्या भिंतीतले लवचीक तंतू तोडणारं विकर). मी आधी मेलेल्या उंदरांबद्दल बोलतो, कारण माझी पीएचडी तिथेच अडकली होती.

माझं अँजिओटेन्सिनचं. एपोई जनुक (रक्तातलं कोलेस्टेरॉल हटवायला लागणारं) बंद केलेले नर, कातडीखाली अँजिओटेन्सिन सोडणारा पंप, 28 दिवस. चौथ्या दिवशी सकाळी पिंजऱ्यात एक उंदीर गार पडलेला; आदल्या संध्याकाळी चांगला खात होता. पोट उघडलं तर आत नुसतं साकळलेलं रक्त. दहाव्या दिवसापर्यंत औषध नसलेल्या गटातले 12 पैकी 4 गेले, औषधाच्या गटातला एकच. शेवटी उरलेल्यांच्या महाधमन्या मोजल्या, तर दोन्ही गटांची सरासरी जवळपास सारखी. गाईड म्हणाले, "मेलेले गाळा, ते पंप बसवतानाच गेले असं धरा. औषधात दम नाही." मी शवविच्छेदनाची वही पुढे केली, ती त्यांनी उघडलीसुद्धा नाही. अहो, ज्यांच्या धमन्या सगळ्यात कमकुवत तेच आधी फुटून गेले, मग त्या गटाची सरासरी खाली येणारच! औषधाने तसलेच काही जगवले असतील, तर त्यांच्या फुगलेल्या धमन्या मोजणीत आल्या आणि औषधालाच बाधल्या.

आता तुमचा प्रश्न. अँजिओटेन्सिनने फुगवटा मूत्रपिंडाच्या धमन्यांच्या वर येतो, माणसात बहुधा खाली. शिवाय सुरुवात पुष्कळदा भिंत चिरून, थरांत रक्त शिरून होते. धमनी फुटण्याचा अभ्यास करायचा असेल तर हेच घ्या. इलॅस्टेजमध्ये जागा बरोबर मिळते, पण शस्त्रक्रियेचा हात बसायला वेळ लागतो आणि फुगवटा सहसा फुटत नाही. कोणतंही घ्या, औषध फुगवटा सोनोग्राफीत दिसल्यावरच सुरू करा. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाने उंदरांत फुगवटा रोखला होता. माणसांवरच्या 2020 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वर्षं गोळ्या घेऊनही वाढ मंदावली नाही. रुग्ण येतो तो फुगलेली धमनी घेऊनच, उंदराला मात्र आपण बहुतेक वेळा आधीपासून औषध देतो.

बारा-बारा उंदरांत 4 विरुद्ध 1 हा फरक योगायोगानेही पडू शकतो, हे मान्य. औषध चालतं असं मी तेव्हाही म्हटलं नव्हतं. माझं म्हणणं एवढंच होतं की मृत्यू तक्त्यात यावेत. तुम्ही मेलेले कसे मोजणार ते आराखड्यात आधीच लिहा, आणि गाईडची सही झाल्याशिवाय पहिला पंप बसवू नका.